रेघ फुगते त्या बाजूला

जवळा बाजारच्या आमच्या घरात माझी जागा म्हणजे सेंट्रिंगची एक जुनी फळी. दोन विटांच्या थप्प्यांवर आडवी टाकलेली, सिमेंटचे पांढरे डाग कितीही घासले तरी न गेलेली. नांदेडहून सिव्हिलची पदविका घेऊन मी परत आले आणि अडीच वर्षं त्या फळीशी बसले. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची, म्हणजे उघडायला हवी होती. बाजाराच्या दिवशी हमाल, बैलगाड्या, टेंपो आणि कापूस घेऊन आलेले लोक समोर दाटीवाटीनं उभे राहायचे, आणि माय खिडकीची कडी घालून घ्यायची. इतर दिवशीही एकच झडप उघडी. आता मला वाटतं, मायला उजेडाचं वावडं नव्हतं, लोकांच्या नजरेचं होतं. पण तेव्हा त्या अर्ध्या उजेडात पेन्सिलीची रेघ दिसावी म्हणून मी फळी तासातासाला सरकवायची आणि मनातल्या मनात घरादारावर चिडायची.

माझे वडील मिस्त्री. आम्ही त्यांना आबा म्हणायचो आणि औंढ्यापासून हट्ट्यापर्यंतची गावंही आबा मिस्त्रीच म्हणायची. नजरेनं भिंत ओळंब्यात आहे की नाही सांगायचे आणि ओळंबा लावल्यावर ते खरं निघायचं. त्यांचं अर्धं आयुष्य विटा-दगडांच्या भिंतींत गेलं. मग खांबा-बीमाची घरं आली, त्यांच्यासोबत परभणी-हिंगोलीच्या इंजिनियरांचे निळे नकाशे आले, आणि आबांची पंचाईत झाली. आबांना वाचता येत नव्हतं. आकडे कळायचे, टेपवरचे फूट-इंच कळायचे, सही करायचे. अक्षर मात्र एक नाही. हे तिघांनाच माहीत होतं, आबांना, मायला आणि मला. नकाशा आला की दुपारी जेवायला येताना ते तो बगलेत मारून आणायचे. "इशे, जरा बघ गं," एवढंच म्हणायचे. माझं नाव विशाखा, पण घरात त्याचं इशी झालेलं. मी फळीवर नकाशा पसरून सांगायची, कुठल्या खांबात किती सळया, सळयांभोवतीच्या रिंगा किती इंचांवर, बीम किती खोल. आबा भाकरीचा घास मोडत तेच तीनदा म्हणून घ्यायचे आणि साइटवर जाऊन असं सांगायचे, की नकाशाकडे परत बघायचं कामच नाही. लोक म्हणायचे, आबांना नकाशा एकदा दाखवला की तोंडपाठ.

मी मात्र साइटवर जायचं नाही. मायचा तो नियमच होता. "लोखंडात हिंडणारी पोरगी कोण बघायला येईन?" ती म्हणायची. तिच्या बोलण्यात राग नसायचा, ती तूर निवडता निवडता सांगायची, त्यामुळे भांडताही यायचं नाही. अडीच वर्षांत मी सतरा घरं, दोन शाळाखोल्या आणि एका विहाराचा स्लॅब त्या फळीवर वाचला असेन. त्यातलं एकही पायानं तुडवलं नाही. घरात दुपारभर आवाज दोनच, पत्रा तापल्याचा कडकड आवाज आणि बाहेर हमालांची 'हो, हो, उचल'. येसराच्या आमटीचा वास कपड्यांत बसलेला असायचा. मैत्रिणींची लग्नं झाली. मी सळया मोजत बसले.

आबांना हे सगळं नुसतं पाठ करायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं, हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगते. त्यांनी एकदा विचारलं, "वजन तर वरतून येतं. मंग लोखंड कदी खाली, कदी वर, असं काहून?" मी त्यांना कॉलेजात शिकले तसं सांगितलं. बाहेरचा भार डोळ्यांना दिसतो. स्लॅबचं स्वतःचं वजन, त्याला आबा 'मेलं वजन' म्हणायचे, आणि माणसं-पोत्यांचं 'जितं वजन'. पण त्या भारानं बीमाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. ते बघायचं तर बीम मनातल्या मनात कापायचा, आणि कापलेल्या तोंडाशी विचारायचं, की हा तुकडा जागेवर राहायला याला कशानं धरून ठेवलं होतं? किती दाबून, किती सरकू न देता, किती वाकू न देता? काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून ज्या बाजूला ताण, त्या बाजूला लोखंड. आबांनी हे ऐकून हातातली भाकर दोन्ही टोकांनी धरून वाकवली. खालून तडा गेला. "हां," ते म्हणाले, "हितं पायजे लोखंड." माझ्या मास्तरांना हे वर्गात अख्खा तास लागला होता.

खोटं कशाला बोलू, मला ती विद्या घराला लावून बघायची खोड लागली होती. रिकाम्या दुपारी मी आमचं घर मनात कापायची. माय दाबाखाली होती, पण तिला तडा जाईल असं कधी वाटलं नाही. आबा ताणात होते, रोज, प्रत्येक साइटवर, कुणी एखादा कागद पुढे करून 'हे काय लिवलंय बघा' म्हणेल या भीतीनं. मला काय होत होतं ते मला तेव्हा काढता आलं नाही. सुटायचं होतं एवढंच कळत होतं.

नांदेडच्या एका मैत्रिणीनं स्वतःसोबत माझाही फॉर्म भरला होता. औरंगाबादला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पत्र आलं ते मी तीनदा वाचलं आणि आबांना एकदा वाचून दाखवलं. अमुक सोमवारी सकाळी कागदपत्रांसह हजर राहावं, न राहिल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल. माय म्हणाली, "तकडं कुटं राहशीन?" आबांनी तिला हातानं थांबवलं आणि मला म्हणाले, "महिना हाय अजून. मला शिकव मंग."

महिन्याभरात माणूस वाचायला शिकत नाही, निदान दिवसभर विटा रचून आलेला पन्नाशीचा माणूस तरी नाही. आम्ही चार दिवस 'क'वर घालवले आणि सोडून दिलं. पण त्या काळी परभणीचा एक इंजिनियर आपल्या नकाशाच्या कोपऱ्यात सांगाड्याची छोटी आकृती काढायचा, आणि तिच्यावर वाकण्याच्या जोराची रेघ. म्हणजे बीमाची, खांबाची सरळ रेघ आणि तिच्या एका बाजूला फुगलेली दुसरी, वक्र. जिथं जोर जास्त तिथं फुगवटा मोठा. आम्हाला कॉलेजात ही रेघ ताणाच्या बाजूला काढायला शिकवलं होतं. मला वाटलं, सुटलं गणित. अक्षरं गेली खड्ड्यात. मी आबांना म्हटलं, "आबा, एकच ध्यानात ठेवा. रेघ ज्या बाजूला फुगते, त्या बाजूला जाड लोखंड." जुने नकाशे काढून मी त्यांची परीक्षा घेतली. दहापैकी दहा बरोबर. आबा असे हसले, की मायनं आतून डोकावून पाहिलं.

इथं थांबून मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एक माणूस सोडला तर ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि आता सांगून उपयोग असलेलं कुणी उरलंही नाही. त्याच मास्तरांनी शेवटच्या तासाला सहज सांगितलं होतं, की काही पुस्तकांत ही रेघ उलट, दाबाच्या बाजूला काढतात. दोन्ही रीती चालू आहेत, तेव्हा आकृती हातात घेतली की आधी रीत कुठली ते बघा. माझ्या वहीत हे वाक्य होतं. आबांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर एका नियमाचे दोन झाले असते, रीत कुठली हे वाचून बघावं लागलं असतं, आणि वाचायला परत मीच लागले असते. इथल्या सगळ्या नकाशांत ती एकाच बाजूला असते, असं मी स्वतःला समजावलं. मला जायचं होतं.

दिगंबररावांचं गोदाम त्याच सुमाराला निघालं. दिगंबरराव गावातले मोठे शेतकरी, आडतीचं दुकान असलेले. त्यांना बाजाररस्त्यावर खाली अख्खी मोकळी जागा हवी होती, मधे एकही खांब नको, आणि वर माळ्यावर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. दोन्ही बाजूंना चार-चार खांब आणि समोरासमोरच्या खांबांना जोडणारे रुंद बीम. असलं काम आबांनी केलेलं नव्हतं. मी रोज जेवताना विचारायची, नकाशा आणला का? आबा म्हणायचे, "तुह्या जायची तयारी कर तू. माजं मी बघून राहिलो." त्यांनी तो नकाशा घरी आणलाच नाही. माझ्यावाचून जमतं हे त्यांना मला दाखवायचं होतं, म्हणजे मी मागं वळून न बघता जावं. मलाही मनातून तेच हवं होतं, म्हणून मी फार लावून धरलं नाही.

सोमवार तीन दिवसांवर आला होता. त्या शुक्रवारी सकाळपासून खांब भरणं चालू होतं. मिक्सरची घरघर आमच्या घरापर्यंत येत होती. दुपारी ती थांबली. मशीन तापलं होतं, म्हणून आबा अर्ध्या तासासाठी सायकलवर घरी आले. अंबाडीची भाजी, भाकर आणि तिळाची चटणी होती. आबा खुशीत होते. "तीन खांब झाले," म्हणाले, "पाच ऱ्हायले." मग हात धुता धुता हसून म्हणाले, "ह्यो इंजिनियर नवा हाय वाटतं, येडाच हाय. बीमाच्या मधोमध रेघ वर फुगवली त्यानं. मधी लोखंड खालीच लागतं हे शेंबडं पोरगं बी सांगन. म्या रऊफला म्हणलं, बीमाचं आपलं नेहमीसारखं खाली घे. खांबाचं मात्र रेघंपरमानं घेतलं, आतल्या अंगाला."

सायकलची घंटी वाजली आणि ते गेले. मी उष्टं ताट हातात धरून उभी होते. बीमाच्या मध्ये रेघ वर. मी ताट ठेवलं, फळीशी बसले आणि आकृती काढली. दोन खांब, एक बीम, वरून पोत्यांचा भार. बीम मध्ये खाली वाकणार, म्हणजे खांबांची डोकी बाहेरच्या अंगाला ताणली जाणार. जाड लोखंड बाहेरून हवं. इंजिनियर येडा नव्हता. त्यानं रेघ दुसऱ्या रीतीनं काढली होती. बीमात आबांचा अनुभव त्यांना वाचवून गेला, आणि खांबात त्यांनी अनुभव नाही म्हणून माझा नियम पाळला.

मी लगेच उठले नाही. बसून राहिले होते, हे खरं. असली चूक दुसऱ्या दिवशी दिसत नाही. गोदाम उभं राहतं, रंग लागतो, पूजा होते. चार-पाच सुगी जातात, एखाद्या वर्षी वर पोती जास्त चढतात, आणि मग बाहेरच्या अंगाला खांबाच्या डोक्याशी बारीक चीर दिसते. तोवर मी औरंगाबादला, तिथून पुढे आणखी कुठं. त्या माळ्याखाली हमाल दुपारी पडणार हे मला माहीत होतं, खिडकीच्या एका झडपेतून मी त्यांनाच तर रोज बघत होते. मिक्सर परत चालू झाला. मी चप्पल घातली.

"कुटं चाललीस?" माय म्हणाली.

"साइटवर."

ती दारात आडवी झाली. "इशे, लोक काय म्हणतीन?"

"तीन खांब उलटे भरले माय. आबांची चूक न्हाई, माजी हाय." तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाली.

बाजाररस्त्यानं मी त्या दिवशी पहिल्यांदा पळाले असेन. साइटवर गेले तर पाच खांबांच्या सळया उघड्या उभ्या, आतल्या अंगाला जाड, बाहेरच्या अंगाला बारीक, तारेनं सुबक बांधलेल्या. कागदावर मी हे इंचभर उंचीचं काढत आले होते. इथं मान वर करावी लागत होती. सळया वाकवणारे रऊफचाचा मला ओळखून म्हणाले, "अरे बेटी, तू इधर कैसी? घर में सब ठीक?" बायांनी घमेली डोक्यावरच धरून माझ्याकडे बघितलं. दिगंबरराव खुर्ची टाकून सावलीत बसलेले.

"आबा, जरा इकडं या," मी म्हणाले. त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. दोन रीती असतात हेही. मला आधीपासून माहीत होतं हेही. आबांनी एकदा खांबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ती नजर मी वर्णन करू शकत नाही. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ते वळले आणि त्यांनी मिक्सर बंद करायला सांगितला. इतका आवाज थांबल्यावर सगळ्यांचंच लक्ष गेलं. दिगंबरराव उठून आले. "काय झालं मिस्त्री?"

"तिन्ही खांब खोलायचे मालक. लोखंड उलटं बांधलं."

"इंजिनियरनं चुकीचं काढून देलं का काय?"

एवढी तयार वाट समोर होती. इंजिनियर उत्तर द्यायला तिथं नव्हता. निदान 'पोरीनं चुकीचं सांगितलं' म्हटलं असतं, तर तेही खरंच होतं. आबांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"न्हाई मालक. नकाशा बराबर हाय. मला वाचता येत न्हाई. चूक माजी हाय."

बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेले रऊफचाचा आपल्या पकडीकडे बघत राहिले. दिगंबरराव म्हणाले, "मंग आजवर कोण वाचत व्हतं?" आबांनी रुमालाच्या हातानं माझ्याकडे दाखवलं. "ही. माजी पोरगी. तिला सगळं येतं." दिगंबरराव मला वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "मंग हिला काहून घरात कोंडून ठिवली? उद्यापासून संगं आणत जा. पोरगी असल तरच म्हयं काम पुढं सरकन."

सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या. काँक्रीट अजून ओलं होतं, खालचं जरा आवळत आलं होतं. आबांनी कुणालाही पुढे होऊ दिलं नाही. पहारीनं, थापीनं आणि शेवटी हातांनी त्यांनी ते तिन्ही खांब खरवडून रिकामे केले. सिमेंटनं बोटं फाटली. मी बाजूला उभी राहून रऊफचाचांना सांगत होते, ही सळई बाहेर, ही आत, रिंग इथं जवळ घ्या. चाचा प्रत्येक वेळी "जी" म्हणायचे. माझ्या वयाच्या दुप्पट माणूस, आणि 'जी'. घमेलीवाल्या बायांतली एक म्हणाली, "इंजिनियर बाई, पाणी पेता का?" मला त्या दिवशी किती आनंद झाला हे लपवायचं कशाला. अडीच वर्षांचं दार धाडकन उघडलं होतं. आत येताना ते मागून बंद झालं हे दोन दिवसांनी कळलं.

शनिवारी मी आबांसोबत गेले, रविवारीही. वारंगा फाट्याहून एक जण आबांना कामाचं विचारायला आला, आणि बोलणं सगळं माझ्याकडे बघून केलं. आबांना आता कुणी एकट्याला काम देणार नव्हतं, हे मला दिसलं, आबांना दिसलं, घरात मायलाही दिसलं. माझी पिशवी भरलेली होती. पत्र तिच्यात वरच ठेवलं होतं.

रविवारी संध्याकाळी आबा पाय धुऊन जेवायला बसले. बोटांना मायनं चिंध्या बांधल्या होत्या, त्यामुळे भाकर मोडता येत नव्हती. मीच कुस्करून दिली. ते ताटाकडे बघत म्हणाले, "सकाळी कितीची गाडी हाय?"

"न्हाई जात मी आबा," मी म्हणाले.

हे वाक्य मी खरं तर त्यांनी खोडून काढावं म्हणून बोलले होते. एकदा रागवावं, पिशवी उचलून दारात ठेवावी, म्हणावं की माझं मी बघतो. त्यांनी नुसतं एवढं केलं असतं, तर मी गेले असते. त्या गोदामात आज दुकानं झाली आहेत, खांबांना एक चीर नाही, आणि मी या जिल्ह्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीखाली आकडेमोड केली. लोक विचारतात, बाई, तुम्ही डिग्री का नाही केली? मी म्हणते, घरची अडचण.

आबांनी मान खाली घातली होती. बराच वेळ त्यांनी घास उचलला नाही. मी वाढायचं सोडून तशीच बसून राहिले, त्यांच्या तोंडाकडे बघत. मग ते हळूच म्हणाले, "बरं." आणि जेवू लागले. शुक्रवारनंतर ते पहिल्यांदाच पोटभर जेवले.